राखीव संघ : कोठार कीं शाळा?

एखाद्या विद्येची परीक्षा करावयाची तर तिच्या शिखरावर बसलेल्या चारदोन माणसांकडे पाहून भागत नाहीं. तीं माणसें कोणत्या वाटेनें वर आलीं, त्या वाटेवर त्यांच्याबरोबर आणखी किती जण चालत होते, आणि मध्येंच गळलेल्यांचें पुढें काय झालें, हेंहि विचारावें लागतें. संगीताविषयीं, कुस्तीविषयीं, किंबहुना आमच्या महाविद्यालयीन शिक्षणाविषयीं हा प्रश्न विचारण्याची आपल्याकडे चाल आहे. फुटबॉलविषयीं मात्र ती नाहीं. वर्तमानपत्राचें शेवटचें पान पहिल्या संघाच्या जयापजयानें भरलेलें असतें. त्याच क्लबाचा दुसरा संघ त्याच आठवड्यांत कोठें खेळला, त्यांत कोण होतें, हें कोणी छापीत नाहीं व कोणी विचारीतहि नाहीं. या दुसऱ्या संघास कोणी राखीव संघ म्हणतात, कोणी नुसता 'ब' संघ म्हणतात. त्याच्याविषयीं आज चार शब्द लिहावे असें आम्हीं योजिलें आहे.

साहित्याच्या मासिकांत हा चेंडूचा विषय कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हें मासिक ज्या घरांत वाचलें जातें त्याच घरांतील मुलें आज अकादमीच्या पोशाखांत सकाळीं सहाच्या ठोक्यास मैदानावर हजर होतात. पालक फी भरतात, मुलगा आशा धरतो, आणि दहावी-बारावीच्या वर्षीं 'अभ्यास कीं खेळ' हा वाद जेवणाच्या वेळीं पानावर येऊन बसतो. त्या वादांत बोलणाऱ्या बहुतेकांस या व्यवसायाची आंतली रचना ठाऊक नसते. ती तपासणें हें टीकेचेंच काम आहे. मग तपासावयाची वस्तु ग्रंथ असो वा संस्था असो.

राखीव संघाचीं कामें दोन. पहिलें काम कोठाराचें. पहिल्या संघांतील कोणी जायबंदी झाला, कोणाचा सूर हरपला, तर त्याची जागा भरण्यास माणूस तयार ठेवावयाचा. दुखण्यांतून उठलेल्या मोठ्या खेळाडूस अंग मोकळें करण्यापुरता सामना द्यावयाचा. दुसरें काम शाळेचें. अठरा ते एकवीस या वयाचा मुलगा कुमारांच्या स्पर्धांतून बाहेर पडलेला असतो, परंतु प्रौढांच्या पहिल्या संघांत त्यास जागा नसते. कुमारांच्या सामन्यांत जो केवळ वेगाच्या बळावर तिघांना चुकवून जातो, त्यास प्रौढांच्या मैदानांत तीस वर्षांचा मुरलेला बचावपटु नुसत्या खांद्यानें बाजूस सारतो. चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच पुढचा विचार करणें, थकल्या अंगानें शेवटचीं दहा मिनिटें आपली जागा न सोडणें, एका गोलानें पुढें असतां खेळ संथ करणें, ह्या गोष्टी समवयस्कांत खेळून येत नाहींत. त्या मोठ्यांशीं खेळून व हरून येतात. हीं दोन्ही कामें एकाच संघास सांगितलीं जातात, आणि क्लबाचे चालक असें धरून चालतात कीं, तीं एकमेकांस पूरक आहेत. आमचें म्हणणें असें कीं, बहुधा तीं एकमेकांच्या आड येतात. आणि आड आलीं म्हणजे माघार शाळेस घ्यावी लागते.

पुण्याचेंच उदाहरण घेऊं. पुण्यास फुटबॉल नवा नाहीं. लष्करांत व खडकीस पलटणींच्या सहवासानें तो रुजला, आणि पुणें जिल्हा संघटनेच्या निरनिराळ्या वर्गांच्या साखळी स्पर्धांत येथील क्लब कित्येक वर्षें खेळत आले आहेत. परंतु राष्ट्रीय दर्जाचा व्यावसायिक क्लब शहरास मिळाला तो २००७ मध्यें, पुणे एफसीच्या रूपानें. २००९ मध्यें तो आय-लीगच्या वरच्या वर्गांत चढला, तेथील पहिल्याच मोसमांत तिसरा आला आणि २०१२-१३ मध्यें दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोंचला. २०११ मध्यें त्यानें आपली अकादमी काढली. पुढें २०१४ मध्यें इंडियन सुपर लीग सुरू झाली व तींत एफसी पुणे सिटी हा नवा संघ उतरला. २०१४-१५ च्या मोसमांत भारत एफसी हा आणखी एक पुण्याचा संघ आय-लीगमध्यें आला. म्हणजे त्या एका वर्षांत शहराचे तीन संघ देशांतील दोन प्रमुख स्पर्धांत खेळत होते. २०१५-१६ मध्यें डीएसके शिवाजियन्स आले. लिव्हरपूल क्लबाच्या सहकार्यानें चालणारी त्यांची अकादमीहि पुण्यासच होती.

हें वैभव किती टिकलें? भारत एफसी एका मोसमांत आटोपला. पुणे एफसीनें २०१५ मध्यें रजा घेतली. शिवाजियन्स २०१७ नंतर त्या स्पर्धेंत दिसले नाहींत. एफसी पुणे सिटी २०१७-१८ मध्यें सुपर लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि २०१९ मध्यें आर्थिक अडचणींमुळें बंद पडला. त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघानें घेतली. बारा वर्षांत चार संघ आले आणि चारहि गेले. पहिल्या संघांतील नांवाजलेल्या खेळाडूंचें यांत फारसें बिघडलें नाहीं. त्यांना दुसरीं दारें उघडीं होतीं. बिघडलें तें खालच्यांचें.

या पडझडींत एक गोष्ट शहाणपणाची झाली, ती नमूद केली पाहिजे. पुणे एफसी थांबला तेव्हां त्याची अकादमी एफसी पुणे सिटीनें आपल्याकडे घेतली. त्या अकादमींत केरळांतील मलप्पुरमचा आशिक कुरुनियन हा मुलगा होता. २०१६ मध्यें त्यास स्पेनमधील व्हिलारेआल क्लबाच्या 'क' संघांत, म्हणजे तिसऱ्या संघांत, उसना धाडण्यांत आलें. तो संघ तेव्हां स्पेनच्या चौथ्या पायरीवरील साखळींत खेळत असे. दुखापतीमुळें आशिकचा तेथील मुक्काम फार लांबला नाहीं. परंतु परत आल्यावर तो पुणे सिटीच्या पहिल्या संघांत खेळूं लागला आणि जानेवारी २०१९ मध्यें आशिया चषकाच्या स्पर्धेंत भारताच्या बाजूनें उभा राहिला. ही हकीकत अभिमानाची आहे, आणि विचार करावयास लावणारीहि आहे. पुण्याच्या अकादमींत वाढलेल्या मुलास प्रौढांच्या खालच्या साखळीची चव घेण्यासाठीं स्पेन गांठावें लागलें! सुपर लीगचा पहिला मोसम १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबर २०१४ ला संपला होता. सवादोन महिन्यांची स्पर्धा, साखळींत प्रत्येक संघास चौदा सामने, आणि मैदानावरील अकरांपैकीं सहा जागा परदेशी खेळाडूंस मोकळ्या. अशा व्यवस्थेंत एकोणीस वर्षांच्या मुलानें शिकावें कोठें?

ही उणीव ओळखूनच २०१७-१८ पासून सुपर लीगमधील कांहीं क्लबांच्या राखीव संघांस आय-लीगच्या दुसऱ्या वर्गांत घेण्यांत आलें. एफसी पुणे सिटीचा राखीव संघ त्यांत होता. मात्र अट अशी होती कीं, या संघांनीं कितीहि सामने जिंकले तरी त्यांना वर चढतां येणार नाहीं. त्या वर्षीं बढती मिळाली ती श्रीनगरच्या रिअल काश्मीरला. अट वाजवी होती, यांत शंका नाहीं. एकाच मालकाचे दोन संघ दोन मोठ्या स्पर्धांत बसणें कोणास मानवलें नसतें. परंतु वाजवी अटीचेहि परिणाम असतात.

त्या दिवसांत एका राखीव संघाचा सामना पाहावयास आम्ही गेलों होतों. प्रेक्षक म्हणजे कांहीं खेळाडूंचे नातलग, अकादमीचीं लहान मुलें आणि आमच्यासारखे दोनचार रिकामटेकडे. समोरचा संघ परगांवच्या एका लहान क्लबाचा होता. पंचाच्या प्रत्येक निर्णयाबरोबर त्या क्लबाचे बाकावरील लोक उठून उभे राहत. त्यांना एकेक गुण मोलाचा होता. राखीव संघाची मुलें खेळांत अधिक रेखीव होतीं. चेंडू जमिनीवरून, दोन स्पर्शांत, ठरल्या रीतीनें फिरत होता. पूर्वार्धांत त्यांनीं गोलहि केला. साठाव्या मिनिटाच्या सुमारास त्यांच्यांतील सर्वांत चांगला खेळाडू, मधल्या फळीचा एक बारीक चणीचा मुलगा, बाहेर बोलावण्यांत आला. तो लंगडत नव्हता, थकलाहि नव्हता. शेजारच्या गृहस्थांस विचारतां कळलें कीं, परवां पहिल्या संघाचा सामना आहे, तेथें राखीव खेळाडू म्हणून बाकावर बसण्यासाठीं याला ताजा ठेवला आहे. तो गेल्यावर मधली फळी विसकटली आणि लहान क्लबानें अखेरच्या पंधरा मिनिटांत दोन गोल केले. हरलेल्या बाजूचा प्रशिक्षक शांतपणें कागद आवरीत होता. त्यास रागावण्याचें कारण नव्हतें. त्या गुणांचा त्याला उपयोग नव्हता. अडचणींत सापडलेला सामना कसा सांवरावा हें शिकण्याचीं तीस मिनिटें ज्या मुलास मिळावयाचीं होतीं, तो कडेला सतरंजीवर बसला होता. परवांच्या सामन्यांत त्याला मैदानावर उतरविलें नाहीं, हें आम्हीं पुढें वर्तमानपत्रांत पाहिलें. कोठारानें शाळेचा तास कसा मोडला, याचा हा लहानसा दाखला.

दुसरा दाखला आमच्या महाविद्यालयांतला आहे. वाणिज्य शाखेंतील एक विद्यार्थी दोन वर्षें वर्गांत क्वचितच दिसे. चौकशी करतां तो एका क्लबाच्या राखीव संघांत असल्याचें समजलें; त्या क्लबाचें नांव येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. एके दिवशीं तो आमच्या खोलींत आला आणि बुडालेल्या सत्रांचें काय करतां येईल, असें विचारूं लागला. संघ बंद झाला होता. मोठ्यांचे करार होते, त्यांचीं बोलणीं चालू होतीं. याच्या हातांत एक ओळखपत्र आणि दोन जोड बूट होते. "सर, मी वाईट खेळत होतों असें कोणी म्हणालें असतें तर बरें वाटलें असतें," हें त्याचें वाक्य आमच्या कानांत अजून आहे. अपयश पचविण्यास शिकविणें हा खेळाचा एक मोठा गुण सांगतात. परंतु ज्याला पास नापास कोणीच केलें नाहीं, ज्याची परीक्षाच मध्यें रद्द झाली, त्यानें पचवावयाचें काय?

आतां परदेशाकडे पाहूं. कारण राखीव संघाचे पुरस्कर्ते नेहमीं तिकडेच बोट दाखवितात. त्यांतहि स्पेनचें नांव पहिलें. तेथें मोठ्या क्लबाचा दुसरा संघ देशाच्या साखळींत खालच्या पायरीवर इतर क्लबांबरोबर खेळतो. फक्त आपल्याच पहिल्या संघाच्या पायरीवर त्याला चढतां येत नाहीं. १९८० मध्यें रेआल माद्रिदचा दुसरा संघ कास्तिया स्पेनच्या राजचषकाच्या अंतिम सामन्यास पोहोंचला, आणि तेथें समोर उभा होता खुद्द रेआल माद्रिद! निकाल सहा विरुद्ध एक असा लागला. १९८३-८४ मध्यें याच कास्तियानें दुसऱ्या श्रेणीची साखळी जिंकली, तरी तो खालींच राहिला. नव्वदीच्या आरंभापासून राजचषकांत दुसऱ्या संघांस बंदी झाली. हॉलंडांत आयाक्सचा तरुण संघ २०१३ पासून दुसऱ्या श्रेणींत खेळतो. २०१७-१८ मध्यें तो तेथें पहिला आला. वर जाण्याचा मान दुसऱ्या आलेल्या फॉर्चुना सिटार्डला मिळाला. पुढच्याच वर्षीं आयाक्सचा पहिला संघ युरोपच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि त्यांतील फ्रेंकी डी यांग व माथाइस डी लिख्त हे त्या दुसऱ्या श्रेणीच्या मैदानांतून वर आलेले होते. जर्मनींत बायर्न म्युनिकच्या दुसऱ्या संघानें २०१९-२० मध्यें तिसरी श्रेणी जिंकली, व नियमाप्रमाणें तेथेंच राहिला.

खेळाडू घडविण्याच्या दृष्टीनें ही रीति फळ देते, हें नाकारतां येत नाहीं. तेथील साखळीचा मोसम पाऊण वर्ष चालतो. पन्नास-साठ वर्षांचीं जुनीं वैरें असलेल्या गांवांत जाऊन, हजारों प्रतिकूल प्रेक्षकांसमोर, पोट हातावर असलेल्या प्रौढांशीं ही मुलें दर आठवड्यास खेळतात. तथापि या शाळेची फी कोण भरतें, हाहि प्रश्न आहे. ती भरतात लहान गांवांचे क्लब. त्यांच्या साखळींतील एक जागा मोठ्या क्लबाच्या मुलांनीं अडविलेली असते. त्या सामन्यास पाहुणे प्रेक्षक येत नाहींत. आणि मोसमाच्या शेवटीं मोठ्या क्लबानें वरचे चार खेळाडू एका सामन्यापुरते खालीं उतरविले तर कोण तरेल व कोण बुडेल याचा हिशेबच बदलतो. इंग्लंडमध्यें २०१४ मध्यें फुटबॉल असोसिएशनच्या एका समितीनें असे 'ब' संघ साखळींत घेण्याची सूचना केली, तेव्हां खालच्या क्लबांनीं व त्यांच्या चाहत्यांनीं ती उधळून लावली. २०१६-१७ पासून खालच्या श्रेणींच्या एका चषकस्पर्धेंत मोठ्या क्लबांच्या एकवीस वर्षांखालील संघांस प्रवेश मिळाला, तर कित्येक गांवांतील चाहत्यांनीं ते सामने पाहण्याचें नाकारलें आणि मैदानें ओस पडलीं. या लोकांस हट्टी म्हणणें सोपें आहे. पण त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, आमचा क्लब लहान असला तरी तो आमचा आहे. दुसऱ्याच्या मुलांना कसरत करण्यासाठीं ठेवलेला तो आखाडा नव्हे. हें म्हणणें आम्हांस न्याय्य वाटतें.

आपल्या देशांत या प्रश्नाचें एक टोक 'इंडियन ॲरोज' या संघांत पाहावयास मिळालें. अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें २०१० मध्यें निवडक तरुणांचा एक संघ करून तो थेट आय-लीगमध्यें उतरविला. २०१३ मध्यें तो बंद झाला. १७ वर्षांखालील विश्वचषक २०१७ मध्यें भारतांत झाला, त्यानंतर तो पुन्हां उभा केला, आणि २०२२ मध्यें पुन्हां मोडला. कोल्हापुरांत जन्मलेला आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत शिकलेला अनिकेत जाधव त्या विश्वचषकांत खेळला व पुढें ॲरोजमध्यें आला. दुसऱ्या अवतारांतील पहिल्याच सामन्यांत या मुलांनीं चेन्नई सिटीचा तीन विरुद्ध शून्य असा पराभव केला, तेव्हां अनेकांस कौतुक वाटलें. त्या संघांतून पुढें राष्ट्रीय खेळाडू निघाले, हें खरेंच. पण ह्या संघास गांव नव्हतें. हरला तर कोणाचें जेवण बेचव होत नव्हतें. तळाशीं गेला तरी तो खालीं उतरत नव्हता. मुलांना वर्षास ठराविक सामने मिळाले. हारजितीची धग मात्र मिळाली नाहीं, आणि कार्यालयांतील धोरण बदलतांच संघ नाहींसा झाला.

याच्या उलट गोव्याचें उदाहरण आहे. एफसी गोवा या क्लबानें आपला तरुण संघ गोव्याच्या स्थानिक व्यावसायिक साखळींत उतरविला. ही साखळी म्हणजे धेंपो, साळगांवकर, स्पोर्टिंग, चर्चिल यांसारख्या जुन्या नांवांचें घर; तेथें नवख्याची गय होत नाहीं. येथें तरुण संघास विजेतेपद मिळविण्याची मोकळीक होती, आणि २०१८-१९ मध्यें त्यानें तें मिळविलेंहि. त्या संघाचा प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा हा गोव्याचाच जुना खेळाडू. त्याच्या हाताखालचे सेव्हियर गामा व प्रिन्स्टन रेबेलो हे पुढें पहिल्या संघांत गेले. १९-२० च्या मोसमाच्या अखेरीस पहिल्या संघाचा मुख्य प्रशिक्षक गेला तेव्हां ती जबाबदारी कांहीं काळ मिरांडाकडेच आली, आणि साखळींतील प्रथम क्रमांकाची ढाल त्या वर्षीं गोव्यानें जिंकली. म्हणजे या दुसऱ्या संघानें नुसते खेळाडू नव्हे, तर शिक्षकहि घडविला. आमच्या मतें या यशाचें मर्म साखळीच्या निवडींत आहे. मुलें आपल्याच मुलखांत, ओळखीच्या प्रतिस्पर्ध्यांशीं, आपल्या आप्तांच्या नजरेखालीं खेळलीं. आणि त्यांच्या विजयास अर्थ होता.

आणि आपलें कोल्हापूर? तेथील फुटबॉल तालमींनीं वाढविलेला आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम हीं नांवें मूळचीं कुस्तीच्या मातींतलीं. शाहू महाराजांच्या नगरींत तालीम म्हणजे पेठेचें दुसरें घर. शाहू स्टेडियमवरील स्पर्धांच्या पत्रकांत या नांवांपुढें कंसांत 'अ' किंवा 'ब' असें अक्षर दिसतें. तेथला 'ब' संघ कोणा मालकाच्या हिशेबवहींतील रकाना नाहीं. 'अ' मधून उतरलेला थोरला आणि शाळेंतून नुकताच आलेला धाकटा तेथें एकाच पोशाखांत उतरतात, आणि सामना पाहावयास तीच पेठ येते. धाकट्यानें चूक केली तर संध्याकाळीं कट्ट्यावर त्यास चार शब्द ऐकावे लागतात. चांगला खेळला तर तोच कट्टा त्याला पुढच्या वर्षीं 'अ' मध्यें घ्या म्हणून भांडतो.

तरीहि कोल्हापूरचें गुणगान आंधळेपणानें करूं नये. पेठेपेठेंतील ईर्ष्या मैदानाबाहेर हातघाईवर आल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. भारी बक्षिसांच्या स्पर्धांसाठीं बाहेरचे, कधीं परदेशचेहि, खेळाडू पैसे देऊन आणण्याची हौस तेथें शिरली. आणि असा एक पाहुणा 'अ' संघांत आला म्हणजे 'ब' मधील एका मुलाची पायरी एक वर्षानें लांबते. शिवाय तेथून राष्ट्रीय पातळीवर जाण्याची वाट अजून अरुंदच आहे. अनिकेतला ती पुण्यावरून गांठावी लागली. आपुलकी असली म्हणजे शास्त्रोक्त शिक्षण आपोआप येतें असें नाहीं. पुण्याच्या अकादम्यांत शिक्षण होतें, आपुलकी नव्हती. कोल्हापुरांत ती उदंड आहे, शिक्षण अपुरें आहे. दोन्हीचा मेळ कोठें पडला असेल तर थोड्याफार प्रमाणांत गोव्यांत.

आपल्या परंपरेंत या मेळाची एक जुनी रीति आहे. गवयाचा शिष्य कित्येक वर्षें गुरूच्या मागें तंबोरा घेऊन बसतो. त्याच्यासाठीं वेगळी, हलकी मैफल भरवीत नाहींत. खऱ्या मैफलींत, जाणत्या श्रोत्यांसमोर, गुरु क्षणभर थांबतो आणि शिष्यास एक आवर्तन भरावयास देतो. तें साधलें तर मान हलते, चुकलें तर सर्वांस कळतें. मात्र मैफल सांवरण्यास गुरु पुढें बसलेला असतो. मुंबईच्या क्रिकेटमध्यें १९४८ पासून चालत आलेल्या कांगा लीगनें हेंच केलें. पावसांत, ओल्या मैदानावर, नांवाजलेला खेळाडू आणि शाळकरी मुलगा एका बाजूनें खेळूं लागले, आणि कित्येक पिढ्या तेथें तयार झाल्या. मुलास जबाबदारी खरी द्यावयाची, पण त्यास एकटें सोडावयाचें नाहीं, हें या दोन्ही उदाहरणांचें सार आहे.

यावर क्लबांचे चालक म्हणतील, तुमचें बोलणें गोड आहे, पण दुसऱ्या संघाचा खर्च आम्ही करतों. मग त्याचा उपयोग आमच्या सोयीनें कां करूं नये? आक्षेप खरा आहे. दुसऱ्या संघास तिकिटाचें उत्पन्न नसतें. प्रवास, मुक्काम, वैद्य, प्रशिक्षक हीं सर्व घरचीं. परंतु क्लब ज्या मुलास अठराव्या वर्षीं आपल्याकडे बांधून घेतो, त्याच्याकडून तो त्याचीं शिकण्याचीं वर्षें घेतो. हा व्यवहार एकेरी नाहीं. म्हणून राखीव संघाची परीक्षा करतांना चार गोष्टी पाहाव्या, असें आम्हांस वाटतें. त्याच्या सामन्यांस अर्थ आहे का, म्हणजे जिंकून कांहीं मिळतें व हरून कांहीं जातें का? नसेल तर त्यास राष्ट्रीय साखळींत फुकटचा पाहुणा म्हणून बसविण्यापेक्षां जिल्ह्याच्या वा प्रांताच्या साखळींत बरोबरीच्या हक्कानें उतरवावें. त्या संघांत मुलांबरोबर दोनतीन मुरलेले खेळाडू आहेत का? ऐन निर्णायक सामन्यास पहिल्या संघांतील खेळाडू खालीं उतरविण्यास बंदी आहे का? आणि शेवटीं, क्लब बुडाला तर मुलाचें शिक्षण व नोंदणी मोकळी राहील, याची तजवीज आधींच लेखी केली आहे का? पालकांनीं अकादमीचें चकचकीत माहितीपत्रक वाचण्याऐवजीं हे चार प्रश्न विचारावे.

२०१९ नंतर सुपर लीगमध्यें पुण्याचा संघ राहिला नाहीं. याचें दुःख करणारे आमच्या ओळखींत पुष्कळ आहेत. एखादा धनिक पुन्हां येईल, बालेवाडीचे दिवे पुन्हां लागतील, अशी वाट ते पाहतात. येवोत बापडे! परंतु त्या दिव्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसण्यापेक्षां जिल्ह्याच्या साखळींत जे क्लब आजहि पदरमोड करून खेळत आहेत, त्यांतील प्रत्येकानें आपला एक 'ब' संघ नीट चालवावा, आणि महाविद्यालयांनीं त्या मुलांच्या परीक्षांच्या वेळा सांभाळाव्या, हें काम उद्यांपासून होण्याजोगें आहे.

आमचा तो विद्यार्थी एक वर्ष मागें पडून पदवीधर झाला. तो आतां नोकरी करतो आणि रविवारीं सकाळीं एका स्थानिक क्लबाच्या दुसऱ्या संघास शिकवितो. मध्यंतरीं भेटला तेव्हां आम्हीं सहज विचारलें कीं, मुलांना प्रथम काय शिकवितोस? तो म्हणाला, "प्रथम प्रत्येकाची इयत्ता विचारतों, आणि परीक्षेच्या तारखा वहींत लिहून घेतों."